देवाची योजना आणि नायिकेचं लग्न



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, आयुष्यभर कान्ट शिकवलात, आणि आता प्रेमकथांवर बोलणार?" आम्ही म्हटलं, बोलणार. कारण एका बाईंना आम्ही नीट उत्तर दिलं नव्हतं, ते देणं राहिलं आहे.

घडलं ते असं. आमची पत्नी गेली त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही मुलीकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, पाच महिने राहिलो. शेजारी एक वृद्ध बाई होत्या, त्याही एकट्या. एक दिवस त्यांनी आमच्या हातात एक कादंबरी ठेवली. आपले यजमान गेले त्या हिवाळ्यात आपण ती दोनदा वाचली, असं म्हणाल्या. पुस्तक होतं जॅनेट ओक या कॅनडियन लेखिकेचं 'लव्ह कम्स सॉफ्टली'. मुखपृष्ठावर बॉनेट घातलेली तरुणी, मागे गवताळ माळ. खरं सांगायचं तर मुखपृष्ठ पाहूनच आम्ही निकाल देऊन टाकला होता. पण रात्री झोप येत नव्हती, म्हणून वाचलं. मग त्यांच्याच कपाटातली आणखी आठ-दहा वाचली. त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेच्या वसाहतकाळातल्या होत्या. परत करताना बाईंनी विचारलं, "आवडली का?" आम्ही प्राध्यापकी उत्तर दिलं, "इंटरेस्टिंग आहेत." हे उत्तर म्हणजे पळवाट होती. आज आपण पळायचं नाही.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबरी आज ज्या साच्यात लिहिली जाते, तो साचा रूढ करण्याचं बरंचसं श्रेय ओक यांच्या १९७९च्या त्याच कादंबरीला दिलं जातं. ती वसाहतकाळातली नाही, पश्चिमेकडे सरकणाऱ्या वस्त्यांची आहे. मार्टी नावाच्या तरुणीचा नवरा वाटेत अपघातात जातो. ती परक्या मुलखात निराधार. क्लार्क नावाचा विधुर, पदरी लहान मुलगी, तिला म्हणतो की लग्न कर, तुला छप्पर मिळेल, मुलीला आई मिळेल. ती नाइलाजाने हो म्हणते. प्रेम नंतर येतं, हळूहळू येतं, आणि त्याच्याबरोबर देवावरची श्रद्धाही येते.

हा साचा पुढे अनेकींनी मागे, वसाहतकाळात नेला. सिरी मिचेल यांची 'लव्ह्ज पर्स्यूट' ही २००९ची कादंबरी सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन गावात घडते. लॉरा फ्रँट्झ यांची 'कोर्टिंग मॉरो लिटल' ही २०१०ची, अमेरिकन क्रांतीच्या काळातल्या केंटकीच्या सरहद्दीवरची. नियम साधारण ठरलेले. शृंगार चुंबनापाशी थांबतो. शिवीगाळ नाही. नायक-नायिकेइतकंच महत्त्व त्या दोघांच्या देवाशी असलेल्या नात्याला. आणि शेवट असा की मागे जे जे भोगलं ते व्यर्थ नव्हतं, हे नायिकेला कळतं. या शेवटच्या नियमाकडे आपल्याला परत यायचं आहे.

आधी या पुस्तकांच्या बाजूने बोलतो, कारण टीकाकाराने तेवढं देणं लागतं.

पहिली गोष्ट, या कादंबऱ्यांत कष्ट दिसतात. लोणी घुसळणं, साबण करणं, सूत कातणं, विस्तव रात्रभर राखणं. बाईचं काम हे इथे पार्श्वभूमीला टांगलेलं चित्र नसतं, गोष्ट त्या कामातूनच पुढे सरकते. मार्टीला स्वयंपाक येत नाही, तिचे पहिले दिवस त्या फजितीत जातात, आणि क्लार्क काही न बोलता समोर आलेलं खातो. प्रेमाची एवढी साधी कसोटी मोठमोठ्या कादंबऱ्यांत सापडत नाही.

दुसरी गोष्ट, प्युरिटन लोक. आमची समजूत अशी की हे लोक म्हणजे काळे कपडे आणि आंबट चेहरे. या कादंबऱ्या म्हणतात, तसं नाही, ते प्रेम करत होते. आम्ही ताडून पाहिलं, तर कादंबऱ्यांचं म्हणणं बरोबर निघालं. ॲन ब्रॅडस्ट्रीट ही त्या वसाहतीची पहिली मोठी कवयित्री, आठ मुलांची आई. तिने नवऱ्यावर लिहिलेल्या कविता पुरेशा ऊबदार आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये सुरुवातीला लग्न चर्चमध्ये लागतच नसे, मॅजिस्ट्रेटसमोर लागे. लग्न हा त्यांच्या लेखी संस्कार नव्हता, करार होता. पण करारात प्रेम नसतं असं कोणी सांगितलं?

मात्र कराराची दुसरी बाजू कादंबऱ्या लपवतात. सॅम्युएल स्यूअल नावाचे बोस्टनचे न्यायाधीश होते. त्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १७२० साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, दोनदा विधुर झालेले हे गृहस्थ कॅथरिन विन्थ्रॉप या विधवेला मागणी घालायला जातात. बदाम नेतात, धर्मप्रवचनं नेतात. बाईंचं म्हणणं, घोडागाडी ठेवा आणि डोक्यावर विग घाला. स्यूअलना दोन्ही मान्य नाही. मग कोणी कोणाच्या नावे किती लिहून द्यायचं यावर घासाघीस. शेवटी जमत नाही ते नाहीच. आपल्याकडच्या याद्यांच्या बैठकीला बसलेल्या कोणालाही हे वाचून हसू येईल. हा विनोद, हा रोकडा व्यवहार या कादंबऱ्यांत सहसा येत नाही. तिथे पैशाचा विचार करणारा इसम बहुतेक खलनायक असतो.

पण हे बारीकसारीक झालं. आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे, आणि तो तत्त्वज्ञानाच्या माणसाचा आक्षेप आहे. तो ईश्वरी योजनेविषयी आहे.

कादंबरीचं गणित बघा. नायिकेच्या घरावर हल्ला होतो, आई मरते, भाऊ पळवला जातो. तीनशे पानांनंतर तिचं लग्न होतं. ती मागे वळून पाहते आणि म्हणते, हे सगळं देवाच्या योजनेत होतं. आता, दुःखात देव आपल्याबरोबर होता असं म्हणणं एक, आणि हे दुःख देवाने या सुखासाठी घडवलं असं म्हणणं दुसरं. पहिलं वाक्य माणसाला उभं करतं. दुसऱ्या वाक्याने हिशेब बिघडतो. कारण मग मेलेली आई ही मुलीच्या लग्नाची तरतूद ठरते. आईचं स्वतःचं आयुष्य, तिचा स्वतःचा देवाशी असलेला संबंध, हे कुठे गेलं?

तुम्ही म्हणाल, तो काळच श्रद्धेचा होता, लोक असंच मानत. मानत होते का? मेरी रोलँडसन या धर्मोपदेशकाच्या पत्नीला १६७६च्या फेब्रुवारीत लँकेस्टर गावावरच्या हल्ल्यात पकडून नेलं. सहा वर्षांची जखमी मुलगी तिच्या मांडीवर काही दिवसांनी गेली. अकरा आठवड्यांनी वीस पौंड खंडणी देऊन तिला सोडवलं. १६८२ साली तिचं आत्मकथन छापलं गेलं. त्याच्या शीर्षकातच देवाची सत्ता आणि त्याचा चांगुलपणा आहे, आणि ओळीओळीला बायबल आहे. तिचाही देव शिक्षा करतो आणि सोडवतो. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी ती सांगते की सगळं घर झोपतं तेव्हा आपण जाग्या असतो. देवाच्या योजनेवर तिचा विश्वास होता, आणि तिला झोप येत नव्हती. दोन्ही खरं. आजच्या कादंबरीत पहिलं राहतं आणि दुसरं गाळलं जातं.

दुसरं उदाहरण आम्हाला अधिक बोचतं. २९ फेब्रुवारी १७०४. डीअरफील्ड गाव. फ्रेंच आणि त्यांचे मूलनिवासी मित्र पहाटे चाल करून येतात, ११२ माणसं धरून कॅनडाकडे नेतात. त्यांत धर्मोपदेशक जॉन विल्यम्स आणि त्यांचं कुटुंब. दोन लहान मुलं हल्ल्यातच मारली गेली, पत्नी वाटेत मारली गेली. वडील १७०६मध्ये सुटून आले, त्यांनी आपल्या सुटकेवर पुस्तक लिहिलं. पण सात वर्षांची युनिस परत आली नाही. ती काहनावाके इथल्या मोहॉक लोकांत वाढली, इंग्रजी विसरली, कॅथलिक झाली, तिथल्याच तरुणाशी लग्न केलं. माणसं पाठवली, विनवण्या झाल्या. नाही आली. १७४०पासून पुढे काही वेळा भावाकडे भेटीला आली, आणि परत आपल्या घरी गेली. १७८५मध्ये, नव्वदीला टेकलेली, काहनावाकेतच वारली.

ही वसाहतकाळातली खरी ख्रिस्ती प्रेमकथाच आहे. अपहरण आहे, लग्न आहे, श्रद्धा आहे, दीर्घ संसार आहे. पण वडिलांच्या दृष्टीने ती प्रेमकथा नव्हती, हरवलेली प्रार्थना होती. ज्या देवाकडे वडील मुलगी मागत होते, त्याच देवाची पूजा मुलगी दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या पंथात करत होती. आता योजना कोणाची म्हणायची? कादंबरीला एकच नायिका असते म्हणून योजना एकाच बाजूने वाचता येते. इतिहासात प्रत्येक जण आपल्या कथेचा नायक असतो.

फ्रँट्झ यांच्या कादंबरीला या बाबतीत आम्ही थोडे अधिक गुण देतो. मॉरोचं कुटुंब शॉनी लोकांच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालं आहे, आणि तिला प्रेम जडतं ते एका शॉनी योद्ध्यावर. द्वेष कसा उतरतो, किती हळू उतरतो, हे लेखिकेने गंभीरपणे लिहिलं आहे. तरीसुद्धा नायक अर्धा शॉनी आहे. अर्धा म्हणजे उरलेला गोरा. वाचकाला नदी ओलांडायला लावायची, पण अर्ध्यावर पूल बांधून ठेवायचा, असं काहीसं झालं आहे. आणि ती जमीन कोणाची, हा प्रश्न लग्नाच्या आनंदात मागे पडतो.

गुलामांचं तर बोलूच नका. आम्ही वाचलेल्या न्यू इंग्लंडच्या कादंबऱ्यांत गुलाम जवळजवळ नाहीत. वाचकाला वाटावं की ती गोष्ट फक्त दक्षिणेकडची. जोनाथन एडवर्ड्‌स, अमेरिकेचे त्या शतकातले सर्वांत मोठे धर्मचिंतक, यांनी १७३१ साली न्यूपोर्टला जाऊन व्हीनस नावाची मुलगी विकत घेतली होती. आणि 'काळच तसा होता' हे उत्तर इथेही चालत नाही, कारण विगला नकार देणारे आपले स्यूअल, त्यांनी १७०० सालीच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका छापली होती. त्याच स्यूअलनी सेलमच्या चेटकीण-खटल्यांत न्यायाधीश म्हणून केलेल्या पापाची १६९७ साली भर चर्चमध्ये उभं राहून कबुली दिली होती. असा माणूस नायक म्हणून कोणी का घेत नाही?

एडवर्ड्‌स यांचं नाव निघालं आहे तर त्यांच्याच घरात जाऊ. पळवलेल्या युनिसची आई आणि एडवर्ड्‌स यांची आई एकाच आईच्या मुली, वडील वेगळे. म्हणजे युनिस ही त्यांची मावसबहीण. हे एडवर्ड्‌स १७५४ साली इच्छास्वातंत्र्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करतात. त्याचं सार एका वाक्यात सांगणं धाडसाचं आहे, पण सांगतो: माणूस आपल्याला हवं ते करायला मोकळा आहे, पण हवं काय वाटावं हे निवडायला मोकळा नाही. प्रेमकादंबरी नेमकी या फटीत राहते. नायिका म्हणते, मी निवडलं. शेवटी म्हणते, देवाने निवडलं होतं. दोन्ही कसं, हे विचारायची फुरसत ती देत नाही.

वडील हा ग्रंथ लिहीत होते त्याच सुमारास त्यांची मुलगी एस्थर, न्यूअर्कला, प्रिन्स्टनचं पुढे विद्यापीठ झालेल्या कॉलेजच्या अध्यक्षांची पत्नी, बोस्टनच्या मैत्रिणीसाठी पत्ररूप रोजनिशी लिहीत होती. तान्ही मुलगी, घरात पाहुण्यांची रीघ, आणि मिळेल त्या वेळात वाचन. १७५५च्या वसंतात ती रिचर्डसनची 'पामेला' वाचते. कथा तुम्हाला माहीत असेल: मालक मोलकरणीला छळतो, कोंडून ठेवतो, ती शील राखते, आणि बक्षीस म्हणून त्याच मालकाशी तिचं लग्न लागतं. एस्थर भडकते. तिचा मुद्दा असा की असल्या नीच वागणुकीच्या ऐन मध्यात पामेला त्या माणसाच्या प्रेमात पडते असं दाखवून लेखकाने बायकांना खाली ओढलं. जणू पैसा आणि मान मिळाला की संसार सुखाचा. पुस्तक संपल्यावर तिचा राग थोडा निवळला, पुस्तकात चांगल्या गोष्टीही आहेत हे तिने प्रामाणिकपणे नोंदवलं. पण आक्षेप घेतला तो घेतलाच.

ती जेमतेम तेवीस वर्षांची होती, पक्की श्रद्धाळू होती, आणि वसाहतकाळात खरोखर राहत होती. शेवट गोड झाला म्हणून मधला अन्याय धुऊन निघत नाही, हे तिला कळत होतं. आमचा सगळा आक्षेप तिने अडीचशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. तेव्हा हा आक्षेप नास्तिकाचा किंवा आजकालच्या विद्यापीठांचा आहे, असं कोणी समजू नये. तो श्रद्धेच्या आतून येतो.

आणि एस्थरच्या कथेचा शेवट? सप्टेंबर १७५७मध्ये नवरा गेला. मार्च १७५८मध्ये वडील, देवीची लस टोचून घेतल्यानंतर. एप्रिलमध्ये ती स्वतः. नातवंडांना न्यायला निघालेली आजी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाटेवर. दोन मुलं पोरकी. कोणता प्रकाशक हा शेवट छापेल?

आता या सगळ्याचं आपल्याशी काय नातं? नातं आहे, आणि सरळ आहे. या प्युरिटनांच्या वारसदारांनी, न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल चर्चच्या लोकांनी, १८१० साली परदेशी मिशनांसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन केलं. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये मुंबईत उतरले. तेच पुढचं अमेरिकन मराठी मिशन, १८३१पासून अहमदनगरला. त्याच मिशनमध्ये १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आणि म्हणून आपल्या भाषेत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आली.

आम्ही त्या कादंबऱ्या वाचताना सतत 'स्मृतिचित्रे' मनात ठेवली होती. तीही वसाहतकाळातल्या ख्रिस्ती संसाराचीच गोष्ट. नवरा न सांगता धर्म बदलतो, बायको अनेक वर्षं दूर राहते, रडते, चिडते, मग त्याच्याकडे जाते, पण त्याच्या धर्मात लगेच जात नाही. सोवळंओवळं एकेक करून गळतं, तेही वादावादी करत, हसत. १९०० साली तिचा बाप्तिस्मा होतो. ही बाई पुढे निस्सीम ख्रिस्ती झाली. तरी विरहाची वर्षं देवाने गोड शेवटासाठी पेरली होती, असा हिशेब ती मांडत बसत नाही. झालं ते सांगते. नवऱ्याचा विक्षिप्तपणा सांगते, स्वतःचा हट्ट सांगते. देव तिच्या पानांवर आहे, पण तिच्या दुःखाचा वकील म्हणून उभा नाही.

मग शेजारच्या बाईंना काय सांगायचं?

आमची पत्नी गेली तेव्हा भेटायला येणारे म्हणत, "देवाची इच्छा." आम्हाला त्या शब्दांचा फार राग येई. तोच राग आम्ही त्या पुस्तकांवर काढला, हे आज कबूल करतो. बाईंनी पुस्तक दिलं होतं ते मार्टीच्या शेवटच्या सुखासाठी नसावं. ते सुरुवातीच्या पानांसाठी असावं, जिथे नवरा नुकताच गेला आहे, आणि तरी विस्तव पेटवावा लागतो, पोराला भरवावं लागतं. ती पानं खरी आहेत. दोनदा वाचण्यासारखी आहेत.

म्हणून आमचं उत्तर असं: बाई, सुरुवात आवडली. शेवटावर विश्वास बसला नाही. सुरुवात लिहिणाऱ्या लेखिकेला शेवटाची एवढी घाई नसती, तर पुस्तक अधिक ख्रिस्ती झालं असतं, असं आम्हाला, ख्रिस्ती नसूनही, वाटतं. हे तिथेच, त्यांच्या दारात उभं राहून सांगायला हवं होतं. त्या रागावल्या नसत्या. कदाचित चहा टाकला असता आणि वाद घातला असता.

तुम्हीही घाला. प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे.